सुखाची विचारपूस

डॉक्टरअक्का चिठ्ठी लिहून झाली की पेनाला टोपण लावायच्या, दार लोटून घ्यायला मला खुणावायच्या आणि समोरच्या बाईला विचारायच्या, "बरं, सुख शे का तुले?" धुळ्याला देवपुरात त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. ऐंशीच्या दशकात मी तिथं सहा-सात वर्षं नर्स होते. खेड्यातल्या बायांना तो प्रश्न लवकर कळायचा नाही. शिंदखेड्याकडची इंदू म्हणाली होती, "शे ना अक्का. सासू चांगली शे, दोन म्हशी शेतस."

अक्का खळखळून हसल्या. "म्हशींचं नाही विचारत गं. नवऱ्याजवळ असतेस तेव्हाचं विचारतेय."

इंदू वर्षभरात सहाव्यांदा कंबरदुखी घेऊन आली होती. ती हळूच म्हणाली, "ते सुख बाईले बी र्‍हास का?"

"र्‍हास. पुरुषाइतकंच."

लग्नाला आठ वर्षं झालेली, दोन मुलं, आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नवरा सुकलाल चिडलेला होता. ही लाकडासारखी पडून राहते म्हणजे हिचं मन दुसरीकडे आहे, असं त्यानं धरलं होतं. माहेरी पाठवायची भाषा सुरू झाली होती. कंबरदुखीचं निमित्त करून ती दवाखान्यात येऊन बसायची, तेवढीच घरापासून सुटका.

अक्कांनी आधी नीट तपासलं. आत कुठं दुखतं का, जखम, अंगावरून पांढरं जाणं, साखर, चालू असलेल्या गोळ्या, सगळं. तसं काही नव्हतं. बोलता बोलता मात्र कळलं, की तिसरं मूल राहील या धास्तीनं तिचं अंग आखडायचं. अक्का म्हणाल्या, "भीती आणि सुख एका खाटेवर मावत नाहीत." आधी तांबी बसवली. मग कागदावर पेन्सिलीनं स्त्रीचं अंग काढून दाखवलं. वरच्या बाजूला एक दाणा काढला. "ही शिश्निका. सुखाची जागा मुख्यतः इथं. नुसत्या संभोगानं पुष्कळ बायांना ते सुख मिळतच नाही. त्यात तुझं काही चुकलेलं नाही." अंघोळीच्या वेळी आरशात स्वतःला पाहा, हात लावून ओळख करून घे, कुठं बरं वाटतं ते बघ, असंही सांगितलं. इंदू कानापर्यंत लाल झाली. अक्का म्हणाल्या, "लाज नेसायला असते बाई, गिळायला नसते."

पुढच्या वेळी सुकलालला बोलावलं. तो आला तोच तक्रार घेऊन. "डॉक्टरअक्का, तिले काही रोग शे का?"

"रोग नाही भाऊ. तुला घाई आहे आणि तिला भीती. महिनाभर संभोग बंद. नुसतं जवळ बसायचं, पाठ चोळायची, बरं वाटतं का विचारायचं. ती सांगेल तिथं हात, नको म्हणेल तिथून काढायचा."

"एकच खोली शे. पडद्याआड माय झोपस."

"मळ्यात खोली असेल ना?"

होती. दुपारी दोघं कापसाला पाणी द्यायच्या निमित्तानं तिथं जाऊ लागले.

दोन महिन्यांनी सुकलाल वैतागून आला. फरक नाही म्हणाला. अक्कांनी विचारलं, "रोज विचारतोस का, झालं का म्हणून?" त्यानं मान डोलावली. "परीक्षेला बसवलंस तर अंग पळून जाईल. विचारणं बंद कर. नाही झालं तरी तो दिवस वाया गेला नाही, हे तिला कळू दे."

पुढं इंदू एकटीच आली. कंबरेचं नावही काढलं नाही. म्हणाली, "अक्का, माले रडूच उनं." आणि घाईनं, "दुःखनं नही."

सगळ्यांचं असं झालं नाही. काही नवरे आलेच नाहीत, काही बायका परत आल्या नाहीत. अक्का त्याचा बाऊ करत नसत. एकदा मी विचारलं, हे तुम्ही कधीपासून सुरू केलंत? त्या म्हणाल्या, "नवऱ्याजवळ नकोसं वाटतं म्हणून आलेल्या एका मुलीला मी सांगितलं होतं, मूल झालं की आपोआप नीट होतं. ती नांदायला गेली आणि नवऱ्यानं टाकली. मी तिला काही न विचारताच उत्तर दिलं होतं." आणि लगेच, "कमल, तुझं कसं आहे?"

"माझं बरं आहे," मी म्हणाले. खोटं होतं. त्यांनी ओढून काढलं नाही. वर्षभरानं मी आपणहून पेशंटच्या स्टुलावर बसले. माझे यजमान यायला तयार नव्हते. अक्का म्हणाल्या, "ते येत नाहीत तर तू ये." मी स्वतःला ओळखू लागले. यजमानांना सांगायला मात्र आणखी वर्ष गेलं. सांगितलं तेव्हा ते भडकतील असं वाटलं होतं. ते ओशाळले. म्हणाले, "मला कुणी शिकवलंच नव्हतं."

नव्वद सालानंतर अक्कांची दृष्टी अधू झाली. दवाखाना बंद करून त्या जळगावला बहिणीकडे गेल्या आणि तिथंच वारल्या. देवपुरात शोकसभा झाली. वक्त्यांनी अक्कांनी केलेली बाळंतपणं सांगितली, गरिबांना दिलेली औषधं सांगितली. बायकांची बाजू भरलेली होती, पण एकही उठली नाही. मी उठले. यजमान समोरच बसलेले होते. मी म्हणाले, "मला लग्नात शरीराचं सुख मिळत नव्हतं. अक्कांनी माझ्यावर उपचार केले. असे त्यांनी पुष्कळ जणींवर केले." अध्यक्षांनी खाकरून पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं.

सभा संपल्यावर यजमान सायकल घेऊन फाटकाशी थांबले होते. पायरीवर एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी माझा हात धरला. ओळखीच्या नव्हत्या. इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "पंचावन्न वय शे मनं. आते काही व्हस का?"

यजमानांना मी हातानंच थांबायची खूण केली आणि बाईंच्या शेजारी पायरीवर बसले. "व्हस. या वयातही होतं," मी म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.