आई निघून गेली, आणि मी गुलमर्गला

गुलमर्गला आम्ही तिघं मित्र गेलो होतो, तिघंही चाकणच्या एकाच कंपनीतले. एक रहाटणीचा, पर्चेसमध्ये. स्की शिकायची हौस मूळ त्याची. दुसरा लातूरकडचा, मेंटेनन्सला. त्यानं तोवर बर्फ फक्त रसवंतीतच पाहिला होता. तिसरा मी, चऱ्होलीचा. घरी बायको आणि आई. आईला वर्षभरापासून विसरायला होत होतं. गॅस चालू राहायचा, एकदा आंघोळीला गेली आणि कोरडीच परत आली. डॉक्टर म्हणाले होते, वाढत जाईल, लक्ष ठेवा. पण अजून ती कुठं निघून गेली नव्हती. बायकोच म्हणाली, "जाऊन या तुम्ही. मी आहे ना."

शेवटच्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा न पडता उतारावरून खाली आलो. शिकवणारे काश्मिरी चाचा खालून ओरडत होते, "घुटना मोड़ो! घुटना!" आणि मी खरंच गुडघे वाकवले. खाली येऊन थांबलो तेव्हा लातूरकरानं टाळ्या वाजवल्या. दुपारी टॅक्सीनं श्रीनगरला उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी विमानानं पुण्याला, असं ठरलं होतं. रात्रीपासून बर्फ पडत होता. आम्हाला त्याचं कौतुकच वाटत होतं.

आमची प्रीपेड सिमं तिकडं चालत नव्हती. फक्त लातूरकराचं कंपनीचं पोस्टपेड चालू होतं, म्हणून घरी त्याचाच नंबर देऊन ठेवला होता. टाळ्या थांबतात तोच तो वाजला. त्यानं दातानं हातमोजा ओढून फोन घेतला आणि लगेच माझ्याकडं दिला. "वहिनी आहेत."

"अहो, आई घरात नाहीत."

बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. खाली आली तर दार उघडं, आणि आई नाही. शेजारच्यांकडं बघितलं, देवळात बघितलं, जुन्या गावठाणातल्या दोन घरी विचारून आली.

"कुठं जातील त्या? तुम्हाला काय वाटतं?"

मी स्कीचे अवजड बूट घालून बर्फात उभा होतो, आणि माझी आई कुठं जाईल हे मला सांगता येत नव्हतं. मग म्हणालो, "आपल्या जुन्या वावराकडं बघ." तिथं आता सोसायटी आहे. आमचं वावर नेमकं कुठल्या बिल्डिंगखाली गेलं ते मलाही धड सांगता येत नाही, तरी म्हणालो.

हॉटेलवर आलो. आधी निघायची खटपट केली. टॅक्सीवाला समोरच उभा होता, पण त्यानं मान हलवली. "रास्ता बंद है साहब. टंगमर्ग तक कोई गाड़ी नहीं जा रही."

"चेन लावून? जादा पैसे घे."

"पैसे की बात नहीं है. मशीन आएगी, बर्फ हटेगी, तब."

मी त्याच्याशी भांडलो. त्यानं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या लांब फेरनच्या आतली निखाऱ्यांची कांगडी काढून माझ्या हातात दिली. ती धरून मी नुसता उभा राहिलो.

मग लाईट गेली, त्याबरोबर हॉटेलचं वायफाय. उरला तो लातूरकराचा एक फोन. थंडीनं त्याची बॅटरी झरझर उतरत होती. त्यानं तो स्वेटरच्या आत छातीशी धरून ठेवला. वाजला की काढायचा, बोलून झालं की परत आत.

बायको पोलीस चौकीत जाऊन आली होती. शेजारचा एक जण बाईकवर आळंदी रोडनं फिरत होता. वावराच्या जागी झालेल्या सोसायटीच्या वॉचमननं सांगितलं होतं, अशी कुणी बाई आलेली नाही. फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला होता. मग ती थांबली आणि हळूच म्हणाली, "नदीकडं पण गेलेत दोघं."

इंद्रायणी आमच्या घरापासून लांब नाही.

"कशाला घाबरायलास?" लातूरकर म्हणाला. "सापडतील की आई." मी खोलीत फेऱ्या मारत होतो. पायात अजून ते बूटच होते, लाकडी जमिनीवर खाडखाड वाजत होते. शेवटी रहाटणीकर खाली बसला, त्यानं माझ्या बुटांचे खटके उघडले आणि एकेक करून बूट ओढून काढले. मी त्याला तसं करू दिलं.

मग तो लातूरकराला म्हणाला, "फोन दे. माझे व्हेंडर आहेत सगळीकडं. भोसरी, तळवडे, चिखली. प्रत्येकाची दहा-वीस पोरं आहेत कामाला. फोटो पाठवतो."

"ती वर्कशॉपमध्ये कशाला जाईल?" मी म्हणालो.

"जाणार नाही रे. पण त्यांची माणसं रस्त्यावर असतात दिवसभर. बघू तर दे."

स्वतःच्या फोनमधले नंबर बघून आईचा तोच फोटो तो लातूरकराच्या फोनवरून पाठवत बसला. काहींना फोनच केले, "भाऊ, आपल्या मित्राची आई आहे, जरा बघा." मी खिडकीशी बसलो. बाहेर बर्फ थांबायचं नाव घेत नव्हता.

दुपार कलली तेव्हा चिखलीहून फोन आला. लोखंडी भागांना रंग द्यायचं, पावडर कोटिंगचं एक छोटं युनिट. मालक म्हणाला, "साहेब, आजी आमच्याकडंच बसल्यात की. मघापासून. आम्हाला कळंना कुणाच्या आहेत ते."

त्या जागी पूर्वी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. शाळा संपल्यावर माझी पहिली नोकरी तिथं. मी सकाळी उपाशीच पळायचो आणि आई दुपारी डबा घेऊन यायची. आम्हाला ते आठवायचं कारणच उरलं नव्हतं. कुठल्याशा टेम्पोवाल्यानं तिला चिखलीपर्यंत सोडलं होतं. तिच्या पिशवीत डबा होता. त्यात कच्चे तांदूळ होते, आणि वर एक कांदा.

मालकानं फोन तिच्याकडं दिला.

"आई?"

"कुठं हाईस रं तू? ही पोरं म्हणत्यात, आसं कुणी हितं न्हाईच कामाला."

"आई, मी जरा बाहेर आलोय."

"शिफ्ट सुटली व्हय?"

"सुटली."

"मंग ये की. मी बसलीया कवाधरनं. तू जेवल्याबिगर मी न्हाई जायाची."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोरची गाडी दारांपर्यंत बर्फात गेली होती. "येतो," म्हणालो. लातूरकरानं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि तिच्याशी बोलू लागला, "आई, तो निघालाय, तुम्ही चहा घ्या तवर." अर्ध्या तासानं बायको रिक्षानं तिथं पोचली. आई तिच्याबरोबर यायलाच तयार नव्हती. माझी वाट बघायची म्हणून हटून बसली होती. युनिटमधल्या पोरांनी "तो घरी गेलाय आजी" असं सांगून तिला रिक्षात बसवलं.

रस्ता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडला. विमान चुकलं होतं, पुढचं मिळेपर्यंत आणखी एक दिवस गेला. तोवर आई घरी दर थोड्या वेळानं विचारत होती, "आला का?" आणि बायको म्हणत होती, "येतायत."

मी घरी पोचलो तेव्हा ती खाटेवर बसली होती. बर्फावरच्या उन्हानं माझ्या तोंडाची सालं निघत होती. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. "किती करपलास रं. उन्हात काम देत्यात व्हय तुला?" उठली, खोबरेल तेलाची बाटली आणली, आणि माझ्या गालांना तेल लावलं.

बायकोनं दाराला वरच्या बाजूला नवी कडी बसवून घेतली होती, आईचा हात पोचणार नाही इतकी उंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होतो. आई पदर सारखा करून दारापाशी गेली. तिनं दार ओढलं, पुन्हा ओढलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "भावा, एवढं दार उघडून दे बरं. माझ्या पोराच्या डब्याला उशीर व्हतोय."

कप खाली ठेवून मी तिच्याजवळ गेलो. वरच्या कडीला माझा हात सहज पोचत होता. मी ती काढली नाही. तिच्याशेजारी तसाच उभा राहिलो, आणि ती दार ओढत राहिली.