तापीरामचा प्रकाशक

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो नुकताच मामांशी भांडून आलेला असेल. चाळीसगावात त्यांचं बी-बियाणांचं दुकान होतं, आणि ते बरं चालायचं. पण ऐन पेरणीच्या दिवसांत गिऱ्हाईक दारात उभं असताना मामा आत बसून कॉमिकचा मजकूर लिहायचे, आणि कुणी घाई केली तर त्यालाच समोर बसवून वाचून दाखवायचे. कपाशीचं बी घ्यायला आलेला माणूस तासाभराने अर्धी गोष्ट ऐकून बाहेर पडे आणि बी शेजारच्या दुकानातून घेई. तरुणपणी स्टेशनवरच्या स्टॉलवर मामांनी मुंबई-दिल्लीच्या शूरवीरांची चित्रकथांची पुस्तकं पाहिली होती. या सगळ्यांच्या गावांत उंच इमारती आहेत, उडायला जागा आहे, मग आपल्याकडच्यांनी काय करायचं, हा प्रश्न त्यांना पडला, आणि असला प्रश्न पडलेल्या माणसाचं पुढे काही भलं होत नाही. त्यांनी तापीराम काढला. धोतर, खांद्यावर घोंगडी, उडता येत नाही, पण पोहणं असं की पुराने मान खाली घालावी. तो अहिराणीत बोलायचा आणि दुष्टांना मारण्याआधी त्यांच्या घरची विचारपूस करायचा.

चित्रं काढायला मामांनी धुळ्याचा एक पेंटर धरला. दुकानांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची कमळं रंगवणारा हा मनुष्य चेहरा असा काढायचा की बघणाऱ्याने नमस्कार करावा. एकच अडचण होती. त्याला पाय काढता येत नसत. काढले की ते पपईसारखे व्हायचे. त्यामुळे तापीराम जन्मभर गुडघाभर पाण्यात, बाजरीत, नाहीतर बैलगाडीमागे उभा राहिला. मामा कथाच तशी रचायचे. एका अंकात तापीरामला कचेरीत जायचं होतं, तर मामांनी आधी कचेरीत पूर आणला. थंडीत दोघं शेतात भरीत खायला बसायचे आणि पुढच्या अंकात याला कशात उभा करायचा यावर वाद घालायचे. तेवढ्यावरून चार-चार महिने अबोला धरलेला मी पाहिला आहे.

छपाई जळगावच्या एका प्रेसमध्ये व्हायची. त्या प्रेसचं खरं काम लग्नपत्रिकांचं, त्यामुळे लगीनसराईत तापीराम बेपत्ता असायचा. प्रेसवाल्याकडे रंगही कुंकवाचा लाल आणि हळदीचा पिवळा, एवढेच. मग आकाश लाल, नदी पिवळी. मी एकदा भीत भीत विचारलं, तर मामा म्हणाले, "वैशाखमा बाहेर ये आनि वर देख. आपलं आभाळ असंच शे." एकदा तर घाईत खलनायकाच्या पानावर वरच्या बाजूला 'आमचे येथे श्रीकृपेकरून' छापून गेलं. मुलांची समजूत झाली की दरोडेखोराचं लग्न ठरलं, आणि नवरी कुठली, असं ती दुकानात येऊन विचारू लागली. दुसरा कुणी प्रकाशक असता तर त्याने कपाळावर हात मारला असता. मामांनी पुढच्या अंकात दरोडेखोराचं खरोखरच लग्न लावलं, नवरी पारोळ्याची दाखवली, आणि तापीरामला वऱ्हाडात उभा केला, अर्थात पंगतीच्या मागे.

गठ्ठे धुळ्याच्या पॅसेंजरने जायचे. एकदा मामा प्लॅटफॉर्मवर आपलाच अंक वाचण्यात इतके गुंगले, की धुळ्याचा गठ्ठा त्यांनी स्वतःच्या हाताने उत्तरेला जाणाऱ्या गाडीत ठेवला. गाडी सुटल्यावर लक्षात आलं. बायकोची आई, म्हणजे मामांची बहीण, रडकुंडीला आली, पण हे गृहस्थ भेटेल त्याला सांगत सुटले, "तापीराम दिल्लीले गया." ती गाडी दिल्लीला जात नव्हती, हे त्यांना कुणीही पटवू शकलं नाही.

असं बरीच वर्षं चाललं. मग एका अंकात गिरणेला पूर आला आणि वाहून चाललेलं वासरू वाचवायला तापीरामने उडी टाकली. शेवटच्या चित्रात पिवळं पाणी, पाण्याबाहेर फक्त दोन हात, आणि हातांवर वासरू. खाली 'पुढील अंकी'. आणि त्यानंतर पेंटरला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला.

पुढला अंक निघालाच नाही. तेव्हाची पोरं आता बापे झाली. धुळ्याच्या बाजारात टक्कल पडलेला एक माणूस मामांना अडवून म्हणाला, "मामा, तो वर निंघना का?" मामा म्हणाले, "निंघी. पेंटर बरा व्हवा दे." हीच त्यांची एक इच्छा उरली होती. आपण जाण्याआधी तापीराम पाण्याबाहेर यावा. मामी लवकर गेल्या, मूलबाळ नाही, दुकानही उठलं. दर महिन्याला ते धुळ्याला जाऊन पेंटरशेजारी बसायचे, त्याच्या डाव्या हातात पेन्सिल द्यायचे, आणि रेघ वाकडी गेली की म्हणायचे, "पुराचं पाणी असंच ऱ्हास." माझ्या मेहुण्याने मध्यंतरी कॉम्प्युटरवर तापीराम करून फोनवर दाखवायला आणला. हुबेहूब चेहरा, तीच घोंगडी, काठावर उभा. मला तर कौतुक वाटलं. मामांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं आणि फोन परत केला. "हाऊ आपला नही," ते म्हणाले. "याले पाय शेतस."

यंदा आषाढात पेंटर गेला.

श्रावणात कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, आदल्या दिवशी आम्ही दोघं मामांकडे गेलो होतो. त्यांच्याकडे कानबाईला नैवेद्याचे जाड रोट करतात. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा, तो दळायचा, आणि त्याचे रोट फक्त घरच्यांनी खायचे. गेलेल्या माणसाची मूठ टाकत नाहीत. त्याच एकत्र घरात राहणाऱ्या मामांच्या थोरल्या वहिनी, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तापीरामला जन्मभर रद्दी म्हटलं, पुस्तकं फाडून चूल पेटवली. सगळ्यांच्या मुठी झाल्या. मामांनी आपली टाकली आणि हात झटकून ते उठायला लागले.

"बठ ना," अक्का म्हणाल्या. "त्यानी मूठ ऱ्हायनी."

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मामा तापीरामच्या नावानेही गहू टाकत आले होते, आणि अक्का ते मुकाट्याने दळत आल्या होत्या.

मामा खाली बघत म्हणाले, "पेंटर गया, वहिनी. आते त्यानं काय ऱ्हायनं?"

"मंग त्यानी काय उपाशी ऱ्हावानं?" अक्का म्हणाल्या आणि सूप त्यांच्यापुढे सरकवलं.

मामांनी मूठ भरली आणि टाकली. वरची पाव मूठ टाकताना मात्र त्यांचा हात बराच वेळ गव्हातच राहिला. माझी बायको उठून स्वयंपाकघरात गेली. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा मत्सरही वाटला. मी जावई, बायको लग्न होऊन गेलेली, रोटाचा घास आम्हां दोघांना चालत नाही. तो कागदावरचा माणूस मात्र घरचा.

संध्याकाळच्या एसटीने आम्ही जळगावला परतलो. गिरणेला पाणी आलेलं होतं, बायको खिडकीतून बघत होती. मला राहून राहून दुसऱ्या दिवसाची पंगत दिसत होती. रोट टाकून देता येत नाही, बाहेरच्याला देता येत नाही. तापीराम मामांचा, म्हणून त्याच्या वाटचा रोट मामांनाच संपवावा लागणार, आणि हल्ली त्यांना अर्धी भाकरीसुद्धा जात नाही.