गुणाजीला वडा नाय

पंचाण्णवच्या सुमाराला डोलवीला कंपनीच्या गेटासमोर चंद्रावतीची वडापावची गाडी होती. शिफ्ट सुटली की कामगार गाडीला असे चिकटायचे की मागच्याला कढईसुद्धा दिसायची नाही. वडा होताच तसा. बाहेरून कुरकुरीत, आत लसणीचा ठसका, आणि वर मिठात घोळवलेल्या तळलेल्या मिरच्या. गिऱ्हाईक बहुतेक खाडीकडचं, मिठागरात उन्हातान्हात वाढलेलं. मिठागर सुटलं, बसून करायचं काम आलं, जीभ मात्र जुनीच राहिली.

तिचा धाकटा दीर गुणाजी कंपनीत क्रेन चालवायचा. रोज तीन वडे आणि मूठभर मिरच्या. बायको जनी पहाटे उठून भाकऱ्या भाजायची, हा डबा मुद्दाम घरी विसरायचा. कंपनीत बाहेरगावचे लोक. डबा उघडला की सुक्या जवळ्याचा वास सुटायचा आणि कुणीतरी नाक धरायचं. वडापाव हातात असला की सगळे सारखेच.

एक दिवस क्रेनवरून उतरताना त्याला भोवळ आली. पेणच्या डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला आणि कपाळाला आठ्या घातल्या. प्रेशर. मीठ कमी, तळलेलं बंद, नाहीतर क्रेन विसरा.

जरा बरं वाटलं तसा गुणाजी पुन्हा गाडीवर हजर.

"दे गो वयनी, तीन."

"नाय."

"संपले?"

"ढीगभर हायत. तुला नाय."

लोक हसले. गुणाजी चिडला. "मिठागरवाल्यांची सून तू, नि मिठाला नाय म्हणतेस?"

"तिथं घामावाटं जायचं रं. क्रेनवर बसून तुला कुठला घाम?"

तो तणतणत समोर कान्हूच्या गाडीवर गेला आणि तिच्याकडं बघत बघत वडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ऐन शिफ्ट सुटायला चंद्रावतीनं कढई खाली उतरवली. गिऱ्हाईक उभं, आणि ही बाई स्टुलावर बसून घरून आणलेला जनीचा डबा उघडते! तांदळाची भाकरी, कांद्यात परतलेला जवळा, मीठ नावाला. वास रस्ताभर. बोटं चाटत ती मोठ्यानं म्हणाली, "ज्याला नाक धरायचं त्यानं धरा. गुण्या, तुझा वाटा ठेवलाय."

गुणाजी पलीकडं वडा हातात घेऊन उभा. कान्हू म्हणाला, "जा बाबा, नायतर डबा घेऊन हितं येईल ती."

गुणाजी आला. पहिला घास खाली मान घालून खाल्ला. दुसऱ्याला म्हणाला, "अजून हाय का गो?"

मग तो रोज डबा घेऊन तिच्या गाडीपाशीच बसायला लागला. खाडीकडचे आणखी दोघं-तिघं आपापले डबे घेऊन आले. तेवढे तिचे वडे कमी खपायला लागले. कान्हू डिवचायचा, "वयनी, आपल्या हातानं गिऱ्हाईक घालवलंस की गो!"

"गुण्या तुझ्याकडं आला तर माघारी पाठव."

पुढं एकदा कान्हूनं खरंच पाठवला.