जाहिरातीतला बळीराजा

आमच्या सासूबाईंनी महाबलीला पहिल्यांदा पाहिलं ते इकडे तमिळ मुलखात, आमच्या अण्णा नगरच्या चौकात, एका सोन्याच्या दुकानाच्या होर्डिंगवर. रिक्षा सिग्नलला थांबली होती. वर भली मोठी ढेरी, झुपकेदार मिशा, गळाभर हार, हातात ताडाच्या पानांची छत्री आणि गालभर हसू. सासूबाई मान वर करून म्हणाल्या, "सराफ खाऊनपिऊन सुखी दिसतोय की गं!"

मला हसू आवरेना. "आई, तो सराफ नाही. बळीराजा आहे तो. आपल्या पाडव्याचाच. इथे मल्याळी लोकांच्या ओणमला येतो."

झालं! घरी पोचेपर्यंत त्यांची धुसफूस चालू. "ह्यो बळी? काहीतरीच बाई! रयतेला जेवू घालणारा आपण एवढा जेवंल व्हय?"

त्यांचा बळी कराडकडच्या गावातला, शेणाचा. पाडव्याच्या सकाळी अंगणात त्या स्वतः थापायच्या. डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे, डोक्यावर झेंडूचं फूल, चेहरा म्हणाल तर अंगठ्याने दाबला तेवढाच. त्याला ना ढेरी ना मिशा. तो खूश आहे की रागावलाय, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

सासरे गेल्यानंतर सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे दोन महिने राहायला आल्या होत्या. परतीचं तिकीट ओणमनंतरच्या मंगळवारचं. गावी आता त्या एकट्याच असायच्या. त्यांनी कायमचं इथेच राहावं, असं ह्यांच्या फार मनात होतं. पण आईपुढे ह्यांची वाचा बसते! कार कंपनीत शंभर माणसांवर ओरडणारा हा गडी घरात आईला "चहा घेतेस?" याच्या पुढे काही विचारत नाही. "विचारा ना," मी रोज टोचायची. "नाहीच म्हणेल ती, घर-शेत सोडून," हे रोज म्हणायचे. मी विचारून उपयोग नव्हता. सुनेने विचारलं तर ते राहा म्हणणं, आणि लेकाने विचारलं तर ते बोलावणं. आमच्याकडे हा फरक फार मोठा.

इकडे बळीराजाने शहर व्यापलं होतं. पेपर उघडला की साड्यांच्या सेलवर तो, टीव्ही लावला की खोबरेल तेलाच्या बाटलीशेजारी तो, कोपऱ्यावरच्या केळ्याच्या वेफर्सच्या पाकिटावरही तोच. शेजारच्या मल्याळी बाईंची उमर पुण्यात लष्कराच्या क्वार्टर्समध्ये गेलेली, त्यामुळे त्यांचं हिंदी फर्डं. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी कुठे होता हा चेहरा? अंगणात मातीचा टोकदार ढिगारा करायचो, त्यालाच फुलं वाहायची. ही ढेरी जाहिरातवाल्यांनीच घराघरांत पोचवली."

मला तर त्या चित्रकारांचं कौतुकच वाटलं. खरंच सांगते, काय डोकं चालवलंय! ज्याच्या राज्यात कुणी उपाशी नव्हतं असा राजा दाखवायचा, तर एका ढेरीत सगळं सांगून टाकलं. हातात तलवार नाही, छत्री. बाकीच्या राजांच्या चित्रांपुढे माणूस आपसूक ताठ उभा राहतो, ह्याच्यापुढे कुणीही जाऊन घरचं गाऱ्हाणं सांगावं. माल खपवायला काढला असेल, असू दे. पण माणूस मनातला काढला.

दरवर्षी शेजारच्या बाईंचे यजमान आमच्या बिल्डिंगचे महाबली व्हायचे. त्या वर्षी त्यांची कंबर धरली. बाई आमच्या दारात आल्या, ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नजर मधेच ढेरीवर थांबली. "बाकी काही लागणार नाही, फक्त मिशा चिकटवू," त्या म्हणाल्या. हे लाजून लालबुंद. मी परस्पर हो म्हणून टाकलं.

सासूबाई फणकारल्या, "बळीचं सोंग घेतोय माझा पोरगा! लोक हसतील."

लोक हसले, पण कसे! ओणमच्या सकाळी मुकुट घालून हे जिन्यात दिसले मात्र, बिल्डिंगभरची पोरं धावत जाऊन बिलगली. मल्याळी, तमिळ, आमची मराठी, सगळीच. कुणाला ओळख करून द्यावी लागली नाही, जाहिरातींनी ती आधीच करून दिली होती. राजा प्रजेचं कुशल विचारायला येतो म्हणून हे दारोदार थांबून मल्याळीत विचारत होते, "सुखमाणो?" म्हणजे सुखी आहात ना? तिसऱ्या मजल्यावरच्या एरवी कुणाशी न बोलणाऱ्या म्हाताऱ्या तमिळ मामींनी त्यांना गुडघेदुखीपासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळं ऐकवलं. आणि हे मान हलवत ऐकत उभे! मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू.

सासूबाई दारातून बघत होत्या. मग आत गेल्या आणि निरांजन लावून ताट घेऊन आल्या. "कसा का असंना, बळीच हाय. दारात आलाय," एवढंच म्हणाल्या.

हे आमच्या उंबऱ्याशी आले. सासूबाईंनी कुंकू लावलं, पीडा टळून बळीचं राज्य यावं असं पाडव्याचं पुटपुटत ओवाळलं. ह्यांनी छत्री सावरली आणि सवयीने विचारून गेले, "सुखी आहात ना?"

फोनवर ह्यांनी कितीदा विचारलं असेल, आणि प्रत्येक वेळी उत्तर यायचं, "बरं हाय, माझी काळजी करू नगंस." मला वाटलं, आताही तेच येणार.

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. ताट हातात तसंच. "तुझं वडील गेल्यापासनं एकटीसाठी चूल पेटवू वाटत न्हाई. संध्याकाळी घर खायला उठतं."

  ह्यांनी छत्री भिंतीला टेकवली. "मग इथंच राहा की, आई. जाऊ नकोस. माझ्याजवळ राहा."

सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं आणि पदराने डोळे पुसले.

"आल्यापासनं वाट बघतीया," त्या म्हणाल्या. "एवढं म्हणायला तुला मिशा लावाव्या लागल्या व्हय रं?"