मामी वर जाते

आमच्या नात्यात ज्याने ज्याने ते शहर पाहिलं, त्याला ते मामीने दाखवलं. आईची चुलत नणंद असो की तिच्या शेजारणीचा नुकतंच लग्न झालेला भाचा, मामाच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये पथारी पसरायची आणि सकाळी चहा घेऊन मामीच्या मागून चालायला लागायचं. मामा छापखान्यात मशीनवर होता. रविवारी तोही बरोबर यायचा, पण पाहुण्यांशी गप्पा मारत पुढे चालायचं एवढंच त्याचं काम. मामी रोज अर्धा दिवस बाजारातल्या लेस-बटणांच्या दुकानात काउंटरमागे उभी असायची, त्यामुळे सगळा बाजार तिच्या पायाखालचा होता.

तिची सहल ठरलेली असे. आधी बाजार, ऊन चढायच्या आत. कापडाच्या गल्लीत पहिल्या काही दुकानांसमोर ती कोणाला थांबूच द्यायची नाही. "हे पाहुण्यांचे भाव," ती म्हणायची, "माणसांचे भाव पुढे आहेत." भांड्यांच्या दुकानात ती पातेल्यावर टिचकी मारायची, आवाज ऐकायची आणि नुसती मान हलवायची. दुकानदार मुकाट्याने दुसरं पातेलं काढायचा. नाक मुरडणाऱ्या पाहुण्यांना ती मासळीच्या ओट्यांमधून मुद्दाम लांबच्या रस्त्याने न्यायची. त्यात तिला मजा येत असावी, असा माझा संशय आहे. दुपारी टेकडीवरचा मनोरा, आणि संध्याकाळी पुलाखालची खाण्याची गल्ली. तिथे मामी रांगेत उभी राहायची आणि पाहुणे बाकड्यांवर बसून, आपल्याला तळलेलं काय हवं आणि भाजलेलं काय हवं, ते लांबूनच ओरडून सांगायचे.

मनोऱ्याची गोष्ट जरा वेगळी. आतला जिना अरुंद, त्यामुळे वर पिशव्या न्यायला बंदी. खाली सामान ठेवायची सोय नाही. मग सकाळची खरेदी, पाण्याच्या बाटल्या, कोणाचं तान्हं झोपलेलं असेल तर तेही, असा सगळा संसार घेऊन मामी पायथ्याच्या बाकावर बसायची. "आम्ही येतोच पटकन, मग तू जा," असं प्रत्येक जण म्हणायचा. वर वारा छान असतो, पटकन कोणी येत नाही. मंडळी खाली येईपर्यंत तिकिटाची खिडकी बंद झालेली असायची. "राहू दे, मी काय इथलीच," मामी म्हणायची आणि पिशव्या उचलायची. लग्न होऊन त्या शहरात आल्यापासून हे असंच चाललं होतं. आम्ही भाचरंडं तिला पिशवीमामी म्हणायचो, आणि ती ओ द्यायची.

यंदा मामा निवृत्त झाला. क्वार्टर सोडायचं आणि मुलाकडे, दूरच्या गावी, कायमचं राहायला जायचं ठरलं. मी आवराआवरीला गेले होते. कपाटाचे खण रिकामे करता करता मामी म्हणाली, "जायच्या आधी मला एकदा मनोऱ्यावर जायचंय. गुडघे आत्ताच कुरकुरायला लागलेत. पुन्हा इथे कोण येणार, आणि आलं तरी कोण चढणार?" मी म्हटलं, रविवारी जाऊ. तिने एक चांगली साडी गाठोड्यात न बांधता बाहेर ठेवली.

आणि शनिवारी थोरली मावशी येऊन थडकली. ही मामाची मोठी बहीण. बरोबर सून आणि दोन नातवंडं. "तुमचं घर इथून हललं की आम्हाला उतरायला जागा कुठली? म्हटलं, आत्ताच बघून घेऊ," ती म्हणाली. एवढं खरं बोलणारी माणसं हल्ली मिळत नाहीत. मामीने बांधलेल्या गाद्या पुन्हा सोडल्या. माझं डोकं फिरलं होतं, पण मामा 'ताई आली, ताई आली' करत घरभर फिरत होता, म्हणून मी तो राग उशा झटकण्यात काढला.

रविवारी बाजार यथासांग पार पडला. मावशीने चादरी घेतल्या, एक कढई घेतली आणि वर काचेच्या बरण्या घेतल्या. मनोऱ्याच्या पायथ्याशी तिने एकेक पिशवी मामीच्या हातात द्यायला सुरुवात केली, तिच्याकडे न बघता, खुंटीला अडकवावी तशी. मामीने सगळ्या घेतल्या, बाकावर ओळीने ठेवल्या आणि खिडकीशी जाऊन स्वतःपुरतं तिकीट काढलं.

"वन्सं, आज मी वर जाते."

"अगं, जा की! आम्ही येतोच पटकन, मग जा."

"नाही. मी आत्ता जाते."

"आणि हे सामान?"

"त्याला वर सोडत नाहीत."

ही थट्टा समजावी की अपमान, हे मावशीला ठरवता येईना. "अगं, काचेच्या बरण्या आहेत त्यात! आणि तुझे ते गुडघे. तू काय, इथलीच."

"परवा ट्रक येतोय, वन्सं."

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामा टेकडीखालच्या नदीकडे बघत होता, आणि नदीत बघण्यासारखं काहीही नव्हतं. मग तो बाकावर बसला, बरण्यांची पिशवी त्याने मांडीवर घेतली आणि म्हणाला, "जा तू. मी बसतो इथे." एवढं म्हणायला या माणसाला सगळा संसार होऊन जावा लागला, याचा मला भयंकर राग आला. मामी गेली. तिच्यामागून मावशीही लवाजम्यासह वर गेली. मी मामाजवळ थांबले.

"ती कधी बोललीच नाही, वर जायचंय म्हणून," थोड्या वेळाने मामा म्हणाला.

"तू कधी विचारलंस?"

त्याने एका बरणीचं झाकण घट्ट बसलंय का ते पाहिलं. बाक दगडी होता, पाठ टेकायला काही नव्हतं आणि ऊन थेट तोंडावर येत होतं.

मावशीची मंडळी खाली आली. नातवंडांना भूक लागली होती आणि मावशीला त्यांच्याहून जास्त. मामीचा पत्ता नव्हता. "कठड्याला धरून नुसती उभी आहे. आम्ही चला म्हटलं तर वळूनसुद्धा बघितलं नाही," मावशी म्हणाली. "आता खाण्याच्या गल्लीत रांगेत कोण उभं राहणार?" तिच्या सुनेने लगेच चपलेचा बंद नीट करायला घेतला. खिडकी बंद व्हायच्या बेतात होती. मी धावत जाऊन तिकीट घेतलं आणि वर गेले.

मामी बाजाराच्या अंगाला उभी होती. तिचे डोळे ओले होते. मला आधी वाटलं, वाऱ्याने.

"मला इथून काही ओळखूच येत नाही गं," ती म्हणाली. "नुसती छपरं. खाली माझे डोळे बांधून कुठेही सोड, मी दुकान गाठीन. इथे आपलं घर कुठल्या बाजूला तेसुद्धा कळत नाही. वन्सं आल्या, सगळं भराभर बघून गेल्यासुद्धा."

मी लहानपणी दर सुट्टीत वर आलेली. तिच्या शेजारी उभी राहिले आणि बोट दाखवायला लागले. तो लांबलचक पत्रा म्हणजे भाजीबाजार. त्याच्या डावीकडे फट दिसते ना, ती कापडाची गल्ली, तुझं दुकान तिथेच मागे. निळं छप्पर मामाच्या छापखान्याचं, आणि त्याला लागून क्वार्टर. वाळत घातलेले कपडे दिसतात ती आपली गच्ची. मामी प्रत्येक वेळी "हो का?" म्हणत होती, अगदी आमच्या पाहुण्यांसारखी.

तेवढ्यावर माझी माहिती संपली. मग मी ठोकून द्यायला सुरुवात केली.

"आणि ते मोठं पांढरं, ते हॉस्पिटल."

"हॉस्पिटल नदीच्या अलीकडे आहे. मी बाळंत झाले ना तिथे."

मी ओशाळून थांबले.

"थांबू नकोस गं." तिने माझा दंड धरला. "चुकीचं सांग, पण सांग. एवढ्या जणांना मी हे शहर दाखवलं. मला कोणी दाखवलंच नाही."

खालून मावशीच्या हाका येत होत्या, त्यात बरण्यांचाही उल्लेख होता.

"मामी, मावशीला भूक लागलीय."

"लागू दे," मामी म्हणाली. "आणि ते पलीकडचं, झाडांमधलं, ते काय आहे?"