अजगराचा शिधा

मुलगा शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना आपला अजगर माझ्या पदरात टाकून गेला. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी गत. अजगर आपल्याकडचा नाही, आफ्रिकेतल्या जातीचा. सरकारदरबारी नोंद असलेला, उभा धरला तर माझ्या खांद्याला लागेल एवढा, आणि इतका शांत की दिवसभर वेटोळं घालून पडून असतो. "आई, तुला काहीच करायचं नाही," मुलगा म्हणाला होता. "पंधरा दिवसांनी एक उंदीर. तीन महिन्यांचे फ्रीजरमध्ये ठेवलेत."

फ्रीजर उघडून पाहिलं तर मटारच्या पिशवीखाली ते उंदीर, एकेक वेगळ्या पिशवीत, दगडासारखे कडक. त्या दिवसापासून नवऱ्याने फ्रीजमधलं पाणी सोडलं आणि भर थंडीत माठ विकत आणला.

मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. आयुष्यभर घंटेवर पळालेल्या बाईला स्वस्थ बसा म्हणणं ही शिक्षाच असते. त्यात मुलाची खोली रिकामी. बंद खोलीत त्या काचेच्या पेटीत बिचारा जीव एकटाच पडलेला बघून मला कसंतरी व्हायचं. म्हणून मी पेटी हॉलमध्ये आणली, टीव्हीशेजारी. तेवढीच त्याला माणसांची सोबत.

आणि त्याने खाणं सोडलं.

मी सांगितल्याप्रमाणे सगळं करत होते. उंदीर आदल्या दिवशी खाली काढायचा, मग पिशवीसकट गरम पाण्यात ठेवायचा, कोमट झाला की पुसून लांब चिमट्याने सापासमोर धरायचा. जिवंत उंदीर द्यायचा नाही, तो घाबरून सापालाच चावतो. मी धरायची, हलवायची, "घे रे बाळा," म्हणायची. तो तोंड फिरवायचा. आमच्या घरात पानावरून कुणी असं उठलं तर मी त्याच्या मागे लागते, दोन घास तरी खायला लावते. दुसऱ्या दिवशी दुसरा उंदीर काढायचा. तो नको तर जरा मोठा. पेटीचं झाकण दिवसातून किती वेळा उघडलं असेल, देव जाणे. एकदा वितळलेला उंदीर परत गोठवता येत नाही, म्हणून नाकारलेले उंदीर कॉलनीतल्या मांजरींना जायचे. मी पिशवी घेऊन जिना उतरले की त्या शेपट्या वर करून हजर.

मुलाचा रोज फोन यायचा. पूर्वी हॉस्टेलला असताना हा मुलगा आठवडा-आठवडा फोन करत नसे. आता रोज संध्याकाळी, व्हिडिओ कॉल. "खाल्लं का त्याने? कॅमेरा त्याच्याकडे कर." मी करायची. तो स्वतःचा कॅमेरा बंद ठेवायचा, नेट नीट चालत नाही म्हणायचा. मग आम्ही दोघं बराच वेळ त्या वेटोळ्याकडे बघत बसायचो. तो तिकडून सूचना करायचा, मी इकडे घाम पुसायची. उंटावरून शेळ्या हाकणं दुसरं काय असतं? "तू जेवलास का?" मी शेवटी विचारायची. "हो गं," म्हणून तो फोन ठेवायचा.

तीन महिन्यांचा शिधा महिन्यात संपला. आता आणायचे कुठून? नाशकात मिक्सरचा कुठलाही पार्ट मिळतो, गोठवलेला उंदीर मिळत नाही. वाण्याकडे "उंदीर हवेत" म्हणाले तर त्याने विष पुढे केलं. ते नको म्हटल्यावर पिंजरा दाखवला. पेट शॉपवाला पांढरे, जिवंत उंदीर द्यायला तयार झाला, पण ते पाळायला. साप म्हटल्यावर त्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे पाहिलं, आणि पुण्यातल्या एका मुलीचा नंबर दिला. ती उंदीर वाढवते, गोठवते आणि ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवते.

मी द्वारका चौकात, ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. हॉर्न, धूर, रिक्षावाल्यांचे आवाज, आणि मी प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेवर पुणे वाचत येरझाऱ्या घालतेय. गाडी आली. क्लीनरने थर्माकोलचा डबा खाली दिला.

"मावशी, काय हाय यात? लय गार लागतंय."

"औषध आहे," मी म्हणाले.

"घरात कोणी आजारी हाय का?"

"जेवत नाही," माझ्या तोंडून गेलं, आणि मी डबा खाली ठेवून डोळे पुसले. स्वतःचाच राग आला मला. सापासाठी रडायचं म्हणजे काय!

"खाईल हळूहळू," तो म्हणाला आणि गाडीवर थाप मारून चढला.

एक उंदीर सोडला तर तोही डबा मांजरींच्या पोटात गेला. साप आता हाताला हलका लागत होता, की मला तसं वाटत होतं, कुणास ठाऊक. मुलाची एवढी एकच वस्तू माझ्याकडे सोपवलेली, तीही माझ्या हातून मरणार, हा विचार डोक्यातून जाईना. जेवताना उठून पेटीशी जायची, पोळी तव्यावर टाकून पेटीशी जायची. पोळ्या करपल्या. मी पुन्हा पुण्याला फोन केला.

"काकू, परत?" ती मुलगी म्हणाली. "किती साप आहेत तुमच्याकडे?"

"एकच."

"मग खातं कोण?"

"मांजरी," मी म्हणाले.

ती बराच वेळ हसली. मग पेटी कुठे ठेवलीय, विचारलं. मी सोबतीचं सांगितलं. "काकू, त्याला सोबत नको असते. जागा बदलली की ते बावरतात. पेटी होती तिथे ठेवा, वरून चादर टाका, दार लावा आणि दहा दिवस बघूसुद्धा नका. एवढ्यात मरत नाही तो. आणि एक उंदीर तुमच्याकडे उरला असेल ना? मग मी आता पाठवणार नाही."

दुकानदाराने गिऱ्हाईक परत पाठवावं! मी चिडले. पण पेटी खोलीत नेली, चादर टाकली आणि दाराला कुलूप लावलं. ते दहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दोनदा सगळे डबे घासले, पडदे धुतले, दाराशी जाऊन कान लावला. सापाचा काय आवाज येणार? नवरा म्हणाला, "किल्ली माझ्याकडे दे." मी दिली नाही. पण दार उघडलंही नाही.

अकराव्या रात्री शेवटचा उंदीर कोमट करून ताटलीत ठेवला, ताटली पेटीत सरकवली आणि मागे न बघता बाहेर आले. सकाळी चादर उचलली. ताटली रिकामी होती आणि सापाच्या अंगात मधोमध एक उंचवटा.

मी आनंदाने ओरडलेच. जर्मनीत अजून उजाडलंही नसेल, पण मी फोन लावला.

"खाल्लं!" मी म्हणाले. "पूर्ण खाल्लं!"

"दाखव."

मी ताटली दाखवली. तो हसला. मग आमच्यापुढे बघायला काहीच उरलं नाही. पहिल्यांदाच मी म्हणाले, "आता तू दिस."

"अंधार आहे गं."

"दिवा लाव."

जरा वेळाने त्याने कॅमेरा सुरू केला. गाल आत गेले होते. इथून नेलेल्या शर्टाची कॉलर मानेपासून सुटून उभी होती. काय काय खायला कर, कसं कर, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. त्यातलं एकही बोलवेना.

"कधीपासून जेवत नाहीस?" मी विचारलं.

त्याने कॉलर ओढून सारखी केली.

"आई," तो म्हणाला, "त्याने खाल्लं, मग आता उद्या काय म्हणून फोन करू?"