मागल्या दारानं आलेली लेफ्टनंट

एकाहत्तरची लढाई संपली आणि आम्ही दोघं भावंडं एकाच दिवशी रेवदंड्याला घरी आलो. दादा पुढं. आईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, डोळे टिपले. मी ट्रंक घेऊन मागं उभी, दुसरा तुकडा शोधत. नव्हता.

आई म्हणाली, "तू मागल्या दारानं ये गं. मढ्यांना शिवून आलीस. आधी डोक्यावरनं न्हा."

मी गेले. चक्क गेले. सुकत घातलेला जवळा ओलांडत, ट्रंक डोक्यावर, खांद्यावर लेफ्टनंटचे तारे. आज आठवलं की त्या पोरीच्या टाळक्यात टपली मारावीशी वाटते. न्हाऊन आल्यावर त्या दीडशहाणीनं काय करावं? दादाला चहा नेऊन दिला.

मी मिलिटरीच्या दवाखान्यात नर्स होते. सीमेच्या इतक्या जवळ की तोफ डागली की सलाईनच्या बाटल्या हलायच्या. एकदा गोळे आमच्याच तंबूंवर आले. ज्यांना चालता येत नव्हतं त्या जवानांना आम्ही बायकांनी काखेत हात घालून खंदकात ओढलं. एक जण ओढता ओढताच गेला. मला कळलं नाही. मी ओढतच राहिले.

दादा तेव्हा दूर दक्षिणेत, रसदीच्या गोदामात. तेही काम लागतंच, नाही म्हणत नाही. पण तो हवालदार, मी अधिकारी. छावणीत समोर आला असता तर त्याला मला सलाम ठोकावा लागला असता. गावात मात्र तो फौजी. मी नर्सबाई, तेही नाक मुरडून.

मी जळायचे. दादा ओट्यावर लढाईच्या गोष्टी सांगायचा, माझ्याकडनंच ऐकलेल्या. आणि मी आतून त्याला गरम भजी पाठवायचे. त्याचं लग्न झालं, त्याला महिन्याची सुट्टी मिळाली. माझं त्याच्या आधी झालं, मला कायमची. त्या काळी लग्न केलेल्या नर्सला फौजेत जागा नव्हती. त्याच्या हळदीत मी नाचलेसुद्धा. मनात म्हणत होते, मेल्या, तुझी वर्दी का नाही कोणी काढत.

यंदा पंधरा ऑगस्टला शाळेत दादाचा सत्कार ठेवला. शाळेचे अध्यक्ष म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्यांनी निरांजनाचं ताट माझ्या हातात दिलं. म्हणाले, "आजी, तुम्ही बहीण. आपल्या वीराला ओवाळा."

वीर.

माझे हात ताट घेऊन उठलेही. सवय. मग दादाकडं पाहिलं. कुंकवासाठी कपाळ पुढं करून बसला होता. त्याला ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं त्याला.

मी ताट अध्यक्षांच्या हातात परत दिलं. म्हटलं, मी ओवाळणार न्हाय.

दादा पुटपुटला, "बाय, लोक बघतात."

"बघू देत. माझ्या तंबूवर गोळे पडले तेव्हा तू कुठं होतास, ते माईकवर सांग. मग ओवाळते."

दादानं माईक अध्यक्षांकडं सरकवला. अध्यक्ष म्हणाले, बाईंचं वय झालंय. पोरं खुसखुसली. टाळी कुणी वाजवली नाही. मी पहिल्या रांगेतली एक खुर्ची उचलली, दादाच्या शेजारी नेऊन ठेवली आणि बसले. गुडघे कुरकुरले, तेवढाच काय तो बँड.

वहिनी अजून माझ्याशी बोलत नाही. मुलगा म्हणतो, आई, या वयात मामाशी बरोबरी कशाला? बरोबरी कसली, बाळा. मी हुद्द्यानं त्याच्या वर होते.

सव्वीस जानेवारीला मला बोलावणार नाहीत, ठाऊक आहे. मी जाणार आहे. खुर्ची घरूनच नेणार आहे, प्लास्टिकची, हलकी. आणि ती दादाच्या शेजारी नाही, पुढं मांडणार आहे.